कापून टाकलेली चांदणी

मित्रांनो, मी एक जुना अॅनलायझर आहे. रक्त तपासण्यात माझे आयुष्य गेले. आता तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत, भिंगांच्या पेटीशेजारी बसलो आहे. तुमच्या बाईंनी माझ्यापुढे पुठ्ठ्याची पाटी ठेवली आहे, "रक्त तपासणारे यंत्र. हात लावू नये." तुम्ही तरीही लावता. लावा बापडे, मला राग येत नाही. पण काल तुमच्यातली दोन वेण्यांची एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "याने कित्ती लोकांचे जीव वाचवले असतील ना!" तेव्हा मात्र मला तोंड लपवायला जागा सापडेना. पाठ फिरवायची म्हटली तरी मला ती फिरवता येत नाही. म्हणून ठरवले की एकदा सगळे सांगून टाकावे. नंतर तुम्ही माझ्याकडे कसे बघायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

माझ्या कपाळावर कागदाचा एक पिवळा पडलेला तुकडा चिकटवलेला आहे, त्यावर निळ्या पेनाने काढलेली चांदणी आहे. कोणा खोडकराने ती काढली असेल असे तुम्हाला वाटले असेल. तसे नाही. माझी सगळी गोष्ट त्या चांदणीचीच आहे.

माझा जन्म एका स्वच्छ, थंडगार कारखान्यात झाला. एका कामगार बाईने श्वास रोखून, चिमट्याने माझ्या पोटात भिंग बसवले. भिंगासमोर एक छोटासा दिवा लावला. त्या दिव्याचा प्रकाश रक्ताच्या नमुन्यातून आरपार जातो आणि पलीकडे किती पोहोचला ते मी मोजतो. शेवटच्या चाचणीत माझे सगळे आकडे बरोबर आले, तेव्हा तपासनिसाने माझ्या पाठीवर "उत्तीर्ण" असा शिक्का मारला. तो अजून आहे. माझ्या आयुष्यातला पहिला आणि निर्मळ अभिमान तोच. पुढचे अभिमान इतके निर्मळ नव्हते.

मी ज्या लॅबमध्ये आलो ती एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत होती. बाहेरच्या खोलीत बाक आणि वजनकाटा. आतल्या खोलीत टेबल, घुरघुरणारा फ्रिज, नळ, आणि रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारे एक सेंट्रिफ्यूज. ते फिरू लागले की सगळे टेबल थरथरायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा. माझ्यासारख्या नाजूक यंत्राच्या शेजारी असला दांडगा माणूस कशाला बसवावा, असे मला पहिल्या दिवसापासून वाटत आले. असो.

आमचा टेक्निशियन शिडशिडीत, जाड चष्म्याचा आणि कमालीचा काळजीखोर. कानामागे पेन खोचून तोच पेन खोलीभर शोधायचा. आणि दुसऱ्या आमच्या मावशी. त्या झाडलोट करायच्या, नळ्या धुवायच्या, आणि मी छापलेल्या कागदाच्या पट्ट्या रजिस्टरमध्ये डिंकाने चिकटवायच्या. त्यांना अक्षरे जेमतेम लागायची, पण आकडे चांगले यायचे. बारा वर्षे नळ्या धुऊन त्यांची नजर अशी तयार झाली होती की नळी हातात धरली की त्या म्हणायच्या, "हा माणूस तळलेलं खाऊन आलाय बघा, पाणी दुधासारखं दिसतंय." आणि ते खरे निघायचे.

आता मी नेमके काय करायचो ते ऐका. तुमच्या उजव्या बरगड्यांखाली यकृत असते, सगळे त्याला लिव्हर म्हणतात. त्याच्या पेशींत विकरे नावाचे चिमुकले कामगार असतात. त्यांनी आत राहावे आणि आपले काम करावे, एवढीच अपेक्षा. पण पेशींना इजा झाली की ते बाहेर सांडतात आणि रक्तातून वाहू लागतात. त्यांतल्या एकाला एसजीपीटी म्हणतात. ते रक्तात थोडेफार असतेच, साधारण चाळिशीच्या आत. आकडा वर गेला की समजायचे, यकृत दुखावले आहे.

ते मोजायची माझी रीत साधी होती. रक्त फिरवले की वर पिवळसर पाण्यासारखा भाग येतो, त्याला सीरम म्हणतात. त्याचा थेंबभर भाग टेक्निशियन एका तयार द्रावणात मिसळायचा. हे विकर त्या द्रावणातला एक पदार्थ संपवत जाते, आणि किती वेगाने संपवते ते मी मोजतो. समजा, एक ताट वाढून ठेवले आहे आणि मी दाराआडून घड्याळ लावून बघतो आहे. ताट भराभर रिकामे झाले तर जेवणारे पुष्कळ, सावकाश झाले तर जेवणारे थोडे. झाले माझे शास्त्र! फक्त एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा. वाढल्या वाढल्या मी बघत नाही. सगळे स्थिर व्हावे म्हणून आधी एक मिनिट थांबतो आणि मग दार किलकिले करतो.

पहिली काही वर्षे माझा फार थाट होता. एकदा एक मालवाहू गाडीचा ड्रायव्हर बायकोबरोबर आला. "दारू सोडून वर्ष झालं," असे तो छातीवर हात ठेवून सांगत होता. मी दोनशे दहा छापले. बायकोने कागदाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले, आणि तो बिचारा वजनकाट्याकडे बघत बसला. मावशी पदरात तोंड लपवून हसल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला नाव ठेवले, खरेबुवा. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसताना म्हणायच्या, "काय खरेबुवा, आज कोणाचं पितळ उघडं पाडणार?" कोणी पेशंट घाबरलेला दिसला की सांगायच्या, "घाबरू नका. आमचं मशीन खोटं बोलत नाही." मला शेफारायला तेवढे पुरले.

आता चांदणीकडे येतो.

मला बोलता येत नाही. मला फक्त आकडा छापता येतो आणि काही शंका असली तर आकड्यापुढे, पट्टीच्या अगदी उजव्या कडेला, एक चांदणी छापता येते. "या आकड्यावर विसंबू नका, पुन्हा बघा," एवढाच तिचा अर्थ. शंका कसली आहे ते सांगायची सोय माझ्यात नाही. द्रावण शिळे असो, बुडबुडा आलेला असो, काहीही असो, खूण एकच. सुरुवातीला ती वर्षातून तीनचारदा यायची. आली की टेक्निशियन हातातला चहा खाली ठेवायचा. "मावशी, चांदणी आली!" असे म्हणून तो तपासणी पुन्हा करायचा. तोवर कोणी पट्टीला हात लावायचा नाही.

पुढे माझा दिवा म्हातारा झाला. तो लुकलुकायला लागला आणि मला प्रत्येक वेळी शंका येऊ लागली. मी प्रत्येक पट्टीवर चांदणी छापू लागलो. सकाळी चांदणी, दुपारी चांदणी, दिवसाला तीसचाळीस. टेक्निशियनने पहिले आठ दिवस प्रत्येक तपासणी दोनदा केली. रोज सकाळी तो माहीत असलेल्या आकड्याचा नमुना घालून माझी परीक्षा घ्यायचा, तीत मी पास व्हायचो. मग त्याच्या लक्षात आले की आकडे ठीक आहेत, चांदणी तेवढी दिव्यामुळे येते. त्याने सामानाच्या यादीत नवा दिवा लिहिला. यादी पुढे गेली. दिवा आला नाही. त्याने पुन्हा लिहिले. असे पाच महिने चालले.

आणखी एक भानगड होती. माझी पट्टी रजिस्टरच्या रकान्यापेक्षा बोटभर रुंद होती. मावशी तेवढी कड दुमडून चिकटवायच्या. त्यामुळे रजिस्टर फुगून बसायचे, मिटायचे नाही. एक दिवस टेक्निशियन वैतागून म्हणाला, "मावशी, ती कड कापूनच टाका हो. नाहीतरी तिथे चांदणीच असते, ती काही कामाची नाही."

"कापू ना नक्की? मग मला बोलू नका."

"कापा, कापा. मी सांगतोय ना."

तेव्हापासून मावशी कात्री घेऊन बसायच्या. कच कच कच. माझ्या चांदण्या टेबलाखालच्या बादलीत पडायच्या, आणि रजिस्टर शहाण्यासारखे मिटू लागले.

मित्रांनो, माझ्या लाजेची सुरुवात इथून होते. दिवा म्हातारा झाला हा माझा गुन्हा नाही, हे मला कळते. पण दिवसाला चाळीस वेळा ओरडून मी माझ्या ओरडण्याची किंमत घालवली, हेही मला कळते. कोणी माझ्याकडे लक्ष देईना म्हणून मला राग यायचा, आणि मी आपला छापत राहायचो. खरी आणि खोटी चांदणी वेगळी ओळखू येईल असे माझ्यात काहीच नव्हते.

मावशींना दोन मुली. थोरलीचे लग्न झालेले. धाकटीला त्या बारकी म्हणायच्या. ती शिलाईच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवायची, आणि शाळा उघडायच्या आधीचा महिना म्हणजे तिथे मान वर करायला फुरसत नसायची. नेमका तेव्हाच तिला ताप आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तापाच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीने सर्दीच्या गोळ्या दिल्या, "याने मला एका दिवसात बरं वाटलं" म्हणून. आणि अंग दुखते म्हणून बारकीने दुकानातून आणखी तिसऱ्या आणल्या. काम बुडू नये म्हणून पाच दिवस ती तिन्ही घेत होती. तिन्ही पाकिटांचे रंग वेगळे, नावे वेगळी. आत तापाचे औषध एकच होते, आणि ते जास्त झाले की आधी यकृताला खाते. हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

सहाव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिले आणि चिठ्ठीवर एसजीपीटी लिहिले. सकाळी दहाच्या सुमारास मावशी लेकीला घेऊन आमच्या खोलीत आल्या. बारकी भिंतीला टेकून बसली. टेक्निशियनने तिच्या दंडाला पट्टा बांधला.

"काय गं, सुईला भितेस होय? दिवसभर सुईशीच तर काम तुझं."

"माझी सुई कापडाला टोचते, दादा," ती कशीबशी हसत म्हणाली.

रक्त फिरवून झाले. मावशींनी सवयीने नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"दादा, हे पाणी असं पिवळं का दिसतंय?"

टेक्निशियनने चष्मा वर करून पाहिले. "पाच दिवस ताप, वर उलट्या. पाणी पोटात टिकत नसेल. त्याने गडद होतं."

"नाही हो, हे तसं नाही दिसत. मी बारा वर्षं बघतेय."

"थांबा, मशीन सांगेलच ना."

त्याने थेंब मिसळला आणि मला दिला. मी माझ्या रीतीने एक मिनिट थांबलो.

त्या मिनिटात काय झाले ते आता सांगतो. बारकीच्या रक्तात ते विकर इतके होते, इतके होते, की त्यांनी ते मिनिट संपायच्या आतच ताट चाटूनपुसून साफ केले. मी दार किलकिले करून पाहिले तेव्हा ताट रिकामे. काहीच संपत नव्हते, कारण संपायला काही उरलेच नव्हते. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, इथे जेवणारे फारसे कोणी नाही. मी एकोणतीस छापले. निरोगी माणसाचा आकडा.

ताट सुरुवातीपासूनच रिकामे दिसले, तेव्हा मला शंका आली होती. मी चांदणी छापली. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी चांदणी होती आणि दिसायला ती त्या दिवसाच्या आधीच्या सात चांदण्यांसारखीच होती.

"एकोणतीस!" टेक्निशियन म्हणाला. "बघा मावशी, उगाच जीव टांगणीला लावला तुम्ही."

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नळी परत स्टँडमध्ये ठेवली. मला वाटले, त्या पुन्हा एकदा ती उजेडात धरतील. त्यांनी धरली नाही. "खरेबुवा म्हणतायत म्हणजे ठीकच असेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कात्री घेतली, लेकीच्या पट्टीची कड सरळ रेषेत कापली आणि पट्टी रजिस्टरमध्ये चिकटवली. डिंक नीट बसावा म्हणून वरून अंगठाही फिरवला.

त्या बाईने बारा वर्षांची स्वतःची नजर माझ्या शब्दासाठी बाजूला ठेवली. मला अजून रोज ते आठवते.

डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला. लिव्हर ठीक आहे म्हणाल्या, उलटीचे औषध दिले आणि तापाच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकी घरी अंथरुणावर उठून बसली आणि आईला म्हणाली, "माझं दप्तर कुठंय? घंटा झाली." शाळा सोडून तिला सात वर्षे झाली होती. मावशींनी तिचे तोंड उजेडाकडे वळवले. डोळे हळदीसारखे पिवळे. शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांनी तिला मोठ्या रुग्णालयात नेले.

हे मला कळले ते तिसऱ्या दिवशी सकाळी, मोठ्या रुग्णालयातून टेक्निशियनला आलेल्या फोनवरून. तो उभ्याने बोलत होता.

"हो, आमच्याकडेच झाली होती. एकोणतीस. किती?" मग हळू आवाजात म्हणाला, "नऊ हजार?"

फोन ठेवून तो फ्रिजकडे गेला. तपासलेले नमुने आठवडाभर जपून ठेवायची आमची पद्धत होती. बारकीची नळी मागच्या रांगेत होती. त्याने ती खिडकीत धरली आणि बराच वेळ बघत राहिला. मग आधी जशीच्या तशी तपासली. मी पुन्हा तीसच्या आसपासच सांगितले, पुन्हा चांदणी छापली. मग त्याने एका थेंबात पन्नास पट पाणी घालून ते सीरम पातळ केले आणि मला दिले. जेवणाऱ्यांची गर्दी कमी झाली. ताट डोळ्यांदेखत संपू लागले. मी एकशे शहाऐंशी छापले. त्याने कानामागचा पेन काढून हातावरच गुणाकार केला. नऊ हजार तीनशे.

नीट विचारल्यावर मी खरे सांगितले. पण आता त्याचा काय उपयोग?

त्याने रजिस्टर उघडले. बारकीची पट्टी सापडली. तिच्या कापलेल्या कडेवरून त्याने बोट फिरवले. बादली केव्हाच रिकामी झाली होती. तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून म्हणाला, "काय करून बसलो मी हे." नंतर उठून डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि सगळे सांगितले. बाईंनी आधी मावशींना फोन लावला आणि घरातल्या झाडून सगळ्या गोळ्यांची पाकिटे मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितली. तीन रंगांची तीन पाकिटे निघाली. तिथल्या डॉक्टरांनी त्यावरचे औषध नसेतून सुरू केले. आणखी एक दिवस गेला असता तर उपयोग झाला नसता, असे ते म्हणाले.

अकरा दिवस बारकी तिथे होती. ती जगेल की नाही हे पहिले पाच दिवस कोणीच सांगेना. मी टेबलावर होतो तिथेच होतो. लोक येत होते, रक्त देत होते, आणि मी आकडे छापत होतो. प्रत्येक आकड्याला मला वाटायचे, मला हा आकडा सांगायचा हक्कच काय? मला पुसायलाही कोणी नव्हते. अंगावर धूळ बसली, आणि ते बरेच झाले असे मला वाटले. त्याच आठवड्यात नवा दिवा आला. टेक्निशियन स्वतः जाऊन कुठूनतरी घेऊन आला होता. तो बसवायला दहा मिनिटे लागली. चांदण्या बंद झाल्या. पाच महिने अडलेले काम दहा मिनिटांचे होते, मित्रांनो.

बारकी वाचली. घरी आल्यावर दर आठवड्याला रक्त द्यायला यायची, आधी आईच्या खांद्याला धरून, मग एकटी. सहाशे चाळीस. दोनशे दहा. अठ्ठ्याऐंशी. एकेचाळीस. प्रत्येक वेळी टेक्निशियन पातळ करून आणि न करता अशी दोनदा तपासणी करायचा. शेवटच्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हेच का ते?" तो "हो" म्हणाला. तिने माझ्याकडे नीट पाहिले. रागाने नाही. कारखान्यात बिघडलेल्या मशीनकडे बघावे तसे. मला त्यापेक्षा तिने एक गुद्दा घातला असता तरी चालले असते.

मावशी कामावर परत आल्या. नळ्या धुवायच्या, मला पुसायच्या, टेक्निशियनने स्वतः बघून ठेवलेल्या पट्ट्या कापून चिकटवायच्या. पण खरेबुवा म्हणेनात. कोणी पेशंट घाबरला तर त्या गप्प राहायच्या. टेक्निशियनने पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे हात जोडले होते, "मावशी, चूक माझी झाली. मी पुन्हा बघायला हवं होतं." त्यांनी मान हलवली आणि नळ्या धुवायला घेतल्या. चांदणीचे मात्र तो बोलला नाही. ती कोणाच्या हाताने कापली गेली, हे त्या माउलीला कसे सांगायचे? मी त्याची घालमेल बघत होतो. तिला हे कधी कळूच नये, असे मलाही वाटायचे. यात तिची काळजी किती आणि माझी लाज किती, ते मला सांगता येणार नाही.

दोनतीन महिने गेले. एका सकाळी एका माळ्याचे रक्त आले. मी आकडा छापला आणि पुढे चांदणी. नव्या दिव्यानंतरची पहिलीच. टेक्निशियन बाहेरच्या खोलीत कोणाचे तरी रक्त काढत होता. मावशींनी सवयीने पट्टी उचलली, कात्रीची पाती उघडली, आणि थांबल्या.

"दादा," त्यांनी हाक मारली. "ही चांदणी आलीय."

तो धावतच आला. पट्टी पाहिली, नमुना आधी तसाच पुन्हा तपासला, मग पातळ करून तपासला. आकडा दोन हजारांवर गेला. त्याने लगेच डॉक्टरीणबाईंना कळवले, आणि माळी तासाभरात मोठ्या रुग्णालयात पोहोचला. सगळे शांत झाल्यावर मावशींनी विचारले,

"बारकीच्या कागदावर होती का ही? दिव्याची नाही, अशी खरी?"

तो नाही म्हणू शकला असता. कड बादलीत गेली होती, बादली कचऱ्यात. कोणाला कधीच कळले नसते. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"होती, मावशी."

मावशींनी हातातल्या कात्रीकडे पाहिले.

"म्हणजे मीच कापली."

"मी कापायला सांगितली होती. तुम्ही विचारलंही होतं मला, नक्की कापू ना म्हणून."

"हो, विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "पण पाणी पिवळं होतं ना दादा. मला दिसत होतं ते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि तरी गप्प बसले."

त्या नळाजवळच्या स्टुलावर बसून रडल्या. टेक्निशियन शेजारी उभा होता, त्याचेही डोळे वाहत होते. नंतर त्या उठल्या, तोंड धुतले, कात्री खालच्या खणात टाकून खण लावून घेतला. मग माझ्यासमोर आल्या.

"खरेबुवा," त्या कितीतरी दिवसांनी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सांगितलं होतं तर. आम्हीच ऐकलं नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला जी लाज वाटली ती आधी कधीच वाटली नव्हती. त्यांनी मला माफ केले, माझे नाव मला परत दिले. आणि मला ओरडून सांगावेसे वाटत होते की नाही हो मावशी, मी एकोणतीसही सांगितले होते! मी तुमच्या लेकीला निरोगी म्हणालो होतो आणि खरे ते एका कडेला, बारीक अक्षरात, रोजच्या खोट्या चांदण्यांच्या गर्दीत टाकले होते. याला सांगितले म्हणतात का? पण मला बोलता येत नाही. मी नुसता लुकलुकलो.

माळ्याची पट्टी त्यांनी रजिस्टरमध्ये कड दुमडून चिकटवली. दुसऱ्यांदा छापलेल्या पट्टीवरही चांदणी आली होती. तिची कड फाडून त्यांनी ती माझ्या कपाळावर चिकटवली. "आल्यागेल्याला दिसू दे," म्हणाल्या. रजिस्टर पुन्हा फुगले, मिटेनासे झाले. त्याच्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही.

माझ्या कागदावरची छपाई टिकत नाही, वर्षभरात उडून जाते. चांदणी पुसट झाली की मावशी टेक्निशियनच्या कानामागचा निळा पेन काढून घ्यायच्या आणि जीभ दातांत धरून ती गिरवायच्या. सही करायलाही अवघडणारी ती बाई चांदणी मात्र सुरेख काढायची.

मी थकलो, नवे यंत्र आले, आणि टेक्निशियनने मला तुमच्या शाळेला दिले. निघताना बारकीने माझ्यासाठी गणवेशाच्या उरलेल्या कापडाचे आच्छादन शिवून पाठवले. सुट्टीत बाई मला जे निळे पांघरूण घालतात ना, तेच. त्याच्या कडा तिने दोनदा शिवल्या आहेत. ते अंगावर आले की मला ऊबही वाटते आणि मान खाली घालावीशीही वाटते.

दोन वेण्यांच्या त्या मुलीला सांगा, मी किती जीव वाचवले ते मला माहीत नाही. एक जीव मी जवळजवळ घालवला होता, तेवढे पक्के माहीत आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात कितीतरी यंत्रे येतील, आणि ती माझ्यासारखीच ठामपणे आकडे सांगतील. त्यांची नीट निगा राखा. दिवा विझत आला तर लगेच बदला. आणि यंत्र काहीही म्हणाले तरी समोरचे माणूस पिवळे दिसत असेल, तर पुन्हा विचारायला लाजू नका.

मावशी आता इतक्या लांब येऊ शकत नाहीत. या खिडकीतून दुपारचे ऊन थेट माझ्या कपाळावर पडते, आणि चांदणी पुन्हा फिकट होत चालली आहे. तुमच्यापैकी कोणाकडे निळा पेन असेल, तर पाटीकडे लक्ष देऊ नका. जवळ या आणि ती एकदा गिरवा.